ग्रीक अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणा: पहिल्या दिवसापासून कशा शिकायच्या

अथेन्समधल्या साध्या खानावळीत, म्हणजे ताव्हेर्नात, मेनूकार्डावर ‘पाइदाक्या’ हा पदार्थ हमखास सापडतो. निखाऱ्यावर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या, वर लिंबू पिळायचं आणि हातानेच खायचं. ग्रीकमध्ये हा शब्द लिहिताना त्यातल्या तिसऱ्या अक्षरावर, योटावर, दोन बारीक टिंबं देतात. ती टिंबं पुसली की उच्चार होतो ‘पेदाक्या’ आणि अर्थ होतो ‘लहान मुलं’. ग्रीक शिकायला बसणाऱ्यांना मी पहिल्याच तासाला हा शब्द दोन्ही तऱ्हांनी फळ्यावर लिहून दाखवते, कारण ‘आधी अक्षरं पक्की करू, खुणांचं नंतर बघू’ हा विचार जवळपास प्रत्येकाच्या मनात असतो. मराठी शिकणाऱ्याला आपण ‘आधी व्यंजनं शीक, काना-मात्रा पुढच्या वर्षी’ असं सांगत नाही. ग्रीक खुणांचंही तसंच आहे. अक्षर आणि त्याच्या डोक्यावरची खूण एकाच वेळी शिकलात तर काही आठवड्यांत हात बसतो. नंतरसाठी ठेवलीत तर सगळे शब्द पुन्हा पाठ करावे लागतात.

या लेखात ग्रीक शब्द देवनागरीत दिले आहेत. ज्या अक्षरावर जोर आहे त्याच्या पुढे ′ अशी बारीक तिरकी रेघ घातली आहे. म्हणजे ‘कालिमे′रा’ (शुभ सकाळ) वाचताना ‘मे’वर जोर. शेजारी ग्रीक वर्णमालेचा तक्ता ठेवा आणि प्रत्येक उदाहरण वहीत ग्रीक अक्षरांत उतरवा. नुसतं वाचून हे अंगी लागत नाही.

समोरचं पान कोणत्या पद्धतीचं आहे?

ग्रीक लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एक जुनी, ‘पोलितोनिको’, म्हणजे अनेक खुणांची. दुसरी १९८२ पासूनची, ‘मोनोतोनिको’, म्हणजे एकाच खुणेची. पान कोणत्या पद्धतीचं ते ओळखायला एकाही शब्दाचा अर्थ यावा लागत नाही. स्वराने सुरू होणारा कुठलाही शब्द शोधा. त्या पहिल्या स्वरावर स्वल्पविरामासारखा बारीक आकडा दिसला, तर पान जुन्या पद्धतीचं. तिथे काहीच नसेल किंवा नुसती एक तिरकी रेघ असेल, तर नव्या पद्धतीचं.

इथे एक घोटाळा वारंवार होतो. आकडे दिसले की नवशिक्यांना वाटतं, हे प्राचीन ग्रीक. तसं नाही. १९५० सालचं अथेन्सचं वर्तमानपत्र अर्वाचीन ग्रीकमध्येच आहे, फक्त खुणा जुन्या पद्धतीच्या. ग्रीक चर्चची पुस्तकं आजही तशीच छापली जातात. भाषा किती जुनी आणि खुणा किती जुन्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तुम्हाला प्लेटो वाचायचा असो की अथेन्सला नोकरीसाठी जायचं असो, सुरुवात नव्या पद्धतीनेच करा. तिच्यात एकच खूण आणि दोन टिंबं आहेत, आणि तिथे कान तयार झाला की जुनी पद्धत सोपी जाते.

तोनोस: एकच रेघ, पण चुकवायची नाही

नव्या पद्धतीतली मुख्य खूण म्हणजे ‘तो′नोस’. स्वराच्या डोक्यावर, डावीकडून उजवीकडे वर चढणारी छोटी तिरकी रेघ. शब्दात ज्या स्वरावर जोर आहे, त्यावर ती येते. दोन किंवा अधिक अक्षरावयवांच्या (म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या) प्रत्येक शब्दाला ती असते आणि ती गाळणं ही शुद्धलेखनाची चूक धरली जाते.

मराठी माणसाला ही खूण लिहायला जड जात नाही, ऐकायला जड जाते. आपल्याकडे जोराने अर्थ बदलत नाही. ‘आला’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर द्या की दुसऱ्यावर, माणूस आलेलाच असतो. ग्रीकमध्ये मात्र ‘आ′ला’ म्हणजे ‘इतर गोष्टी’ आणि ‘आला′’ म्हणजे ‘पण’. ‘पो′ते’ म्हणजे ‘केव्हा?’ आणि ‘पोते′’ म्हणजे ‘कधीच नाही’. ‘नो′मोस’ कायदा, ‘नोमो′स’ जिल्हा. ‘ओ′मोस’ खांदा, ‘ओमो′स’ कच्चा. ‘त्झा′मि’ खिडकीची काच, ‘त्झामि′’ मशीद. आणि माझी आवडती जोडी: ‘ये′रोस’ म्हणजे म्हातारा, ‘येरो′स’ म्हणजे धडधाकट.

या सहा जोड्या घ्या. मोठ्याने म्हणा आणि जोराच्या अक्षरावर टेबलावर बोट आपटा. अर्वाचीन ग्रीकमध्ये आपल्यासारखा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, पण जोराचा स्वर थोडा लांबतो, तेव्हा सुरुवातीला तो किंचित ताणलात तरी चालेल. दुसऱ्या कुणाला तरी शब्द वाचायला सांगून तुम्ही नुसती खूण लावायची, असा सराव आठवडाभर केला तर कान उघडतो.

आता नियम, ज्या क्रमाने ते अडतात त्या क्रमाने.

जोर नेहमी शेवटच्या तीन अक्षरावयवांपैकी एकावरच असतो. शब्द कितीही लांब असो, त्याच्या मागे तो जात नाही. ‘एफ्खारिस्तो′’ (आभारी आहे) मध्ये शेवटच्यावर, ‘कालिमे′रा’मध्ये शेवटून दुसऱ्यावर, ‘आफ्तोकि′नितो’ (मोटार) मध्ये शेवटून तिसऱ्यावर. शब्द कुठलाही असो, बोटांवर शेवटून तीन मोजा. चौथ्यावर खूण आली तर ती चूक आहे.

या एका नियमातून पुढची एक गंमत निघते, आणि ती नवशिक्याच्या पहिल्याच वाक्यात येते. ‘माझं नाव’ म्हणायला ग्रीकमध्ये ‘तो ओ′नोमा मू’ असं म्हणावंसं वाटतं. ‘ओ′नोमा’ म्हणजे नाव, ‘मू’ म्हणजे माझं. पण ‘मू’ला स्वतःचा जोर नाही. तो आधीच्या शब्दाला चिकटूनच उच्चारला जातो, त्यामुळे कानाला सलग ऐकू येतं ‘ओ-नो-मा-मू’. चार अक्षरं, आणि जोर शेवटून चौथ्यावर. हे भाषेला चालत नाही, म्हणून ‘मा’वर आणखी एक जोर येतो: ‘तो ओ′नोमा′ मू’. एका शब्दावर दोन तोनोस. तसंच ‘तो आफ्तोकि′नितो′ मू’, माझी मोटार. पुस्तकात एकाच शब्दावर दोन रेघा दिसल्या की नवशिक्यांना छपाईची चूक वाटते. ती चूक नाही, शेजारच्या छोट्या शब्दाचा भार आहे.

एका अक्षरावयवाच्या शब्दांना तोनोस नसतो. ‘या सू’ (नमस्कार) मधल्या ‘या’मध्ये चार अक्षरं लिहितात आणि त्यांपैकी तीन स्वर आहेत, तरी उच्चार एकाच झटक्यात होतो, म्हणून खूण नाही. नवशिके तिथे हटकून रेघ ओढतात. ‘मि′आ’ (एक) असं दोन तुकड्यांत म्हटलं तर खूण हवी. घाईत ‘म्या’ म्हटलं तर नको.

या नियमाला मोजके अपवाद आहेत आणि ते पाठच करावेत. ‘ई’ म्हणजे ‘किंवा’, त्याला तोनोस. तोच उच्चार असलेलं स्त्रीलिंगी उपपद मात्र विनाखुणेचं. ‘पू’ म्हणजे ‘कुठे?’ आणि ‘पोस’ म्हणजे ‘कसं?’, प्रश्न विचारताना दोघांनाही तोनोस; हेच शब्द ‘जो’ किंवा ‘की’ या अर्थाने आले तर नाही. तिसरा अपवाद सर्वांत सुरेख आहे. ‘ई मिते′रा मू ई′पे’ याचा अर्थ ‘माझी आई म्हणाली’. यातल्या ‘मू’वर तोनोस ठेवला की अर्थ होतो ‘आई मला म्हणाली’. अक्षरं तीच, क्रम तोच. ‘माझी’ आणि ‘मला’ यांतला फरक त्या एका रेघेने केला. दोन्ही अर्थ लागू शकतील अशाच ठिकाणी ही रेघ लावतात, एरवी नाही.

दोन स्वर मिळून एक आवाज झाला तर रेघ दुसऱ्यावर. ‘ऊ′झो’ या बडिशेपेच्या वासाच्या मद्याच्या नावात पहिला ‘ऊ’ हा ओमिक्रॉन आणि उप्सिलॉन या दोन अक्षरांनी लिहितात, आणि तोनोस उप्सिलॉनवर येतो. ‘मूसि′ओ’ (संग्रहालय) मध्ये एप्सिलॉन-योटा मिळून ‘इ’ होतो, तोनोस योटावर. आणि रेघ पहिल्या अक्षरावर आली तर? तर ते दोन स्वर वेगळे उच्चारायचे, हीच तिची सूचना. याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. चहाला ग्रीकमध्ये ‘त्सा′इ’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या ‘चाय’चाच भाऊ आहे. तोनोस आल्फावर आहे, म्हणून ‘आ’ आणि ‘इ’ सुटे. तीच रेघ चुकून योटावर सरकली तर वाचणारा ‘त्से’ म्हणेल आणि चहा मिळणार नाही.

मोठ्या अक्षरांचं थोडक्यात: शब्दाचं पहिलंच अक्षर मोठं असेल आणि जोर त्यावर असेल, तर रेघ अक्षराच्या डोक्यावर न लिहिता डाव्या खांद्याशी लिहितात. सगळा शब्द मोठ्या अक्षरांत असेल, जसा दुकानाच्या पाटीवर असतो, तर तोनोस गळतो. म्हणून पाटी वाचून जोर कुठे ते कळत नाही, तो ठाऊक असावा लागतो. ‘किंवा’ अर्थाचा ‘ई’ तेवढा मोठ्या अक्षरातही खूण सोडत नाही.

दोन टिंबं

यांचं नाव ‘दियालितिका’, वेगळं करणारी. ती फक्त योटा आणि उप्सिलॉन यांच्यावर येतात आणि सांगतात, ‘मी आधीच्या स्वरात मिसळलेलो नाही.’ तोनोसने हेच काम आधी केलेलं असेल तर टिंबं लागत नाहीत. मे महिना म्हणजे ‘मा′इओस’: तोनोस आल्फावर, टिंबं नाहीत. ‘मे महिन्याचा’ म्हणजे ‘माइ′ऊ’: आता जोर योटावर सरकला, आल्फा मोकळा झाला, म्हणून योटावर टिंबं आणि त्यांच्या मधोमध तोनोस, दोन्ही. पाटीवर मोठ्या अक्षरांत तोनोस गळतो, पण टिंबं गळत नाहीत. उलट ‘मा′इओस’ मोठ्या अक्षरांत लिहिताना ती नव्याने घालावी लागतात, कारण वेगळेपण सांगणारी रेघ गेलेली असते. बरगड्यांच्या मेनूकार्डावरही ती तशीच राहतात.

एवढ्यावर अर्वाचीन ग्रीक लिहिता येतं. पुढचा भाग जुन्या पुस्तकांसाठी.

श्वासाच्या खुणा

जुन्या पद्धतीत स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला एक आकडा असतोच. तो दोन प्रकारचा. एक ‘दासिया’, म्हणजे दाट: आकार अवतरणाच्या सुरू होणाऱ्या एकेरी चिन्हासारखा, तोंड उजवीकडे उघडं. ती असेल तर शब्द ‘ह’ने सुरू करायचा. दुसरी ‘प्सिली’, म्हणजे उघडी, साधी: अवतरण संपवणाऱ्या चिन्हासारखी, तोंड डावीकडे. ती असेल तर ‘ह’ नाही, नुसता स्वर.

‘ह’ नाही हे सांगायला खूण कशाला? मलाही सुरुवातीला हा प्रश्न पडला होता. उत्तर या खुणांच्या जन्मात आहे. ग्रीकमध्ये एके काळी ‘ह’साठी पूर्ण अक्षर होतं, रोमन लिपीतल्या एचच्याच आकाराचं. आयोनिया भागातल्या बोलीत ‘ह’चा उच्चार गेला आणि ते रिकामं झालेलं अक्षर तिथे दीर्घ ‘ए’साठी, म्हणजे ईटासाठी वापरलं जाऊ लागलं. इ.स.पू. ४०३ च्या सुमारास अथेन्सनेही ती आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली. अथेन्सचे लोक ‘ह’ उच्चारत होते, पण आता तो लिहायला अक्षर उरलं नाही. मग त्या जुन्या अक्षराचे उभे दोन तुकडे झाले. डावा अर्धा भाग ‘ह आहे’ असं सांगायला, उजवा ‘ह नाही’ असं सांगायला. झिजत झिजत त्यांचे हे दोन आकडे झाले. त्या काळी शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहीत, तेव्हा ‘इथे ह नाही’ हेही वाचणाऱ्याला उपयोगी पडे.

लिहायचे नियम थोडे आहेत. जोडस्वर असेल तर आकडा दुसऱ्या अक्षरावर. मोठं अक्षर असेल तर त्याच्या डाव्या खांद्याशी. तिरकी रेघही त्याच स्वरावर असेल तर आधी आकडा, मग रेघ. शब्दाच्या सुरुवातीच्या उप्सिलॉनवर नेहमी दासियाच. सुरुवातीच्या ‘रो’वरही दासिया, म्हणूनच ऱ्होडोडेंड्रॉनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आरनंतर एच येतो.

एरवी मात्र कोणत्या शब्दाला कोणता आकडा हे लक्षात ठेवावं लागतं. इथे मराठी वाचकाजवळ दोन आयत्या किल्ल्या आहेत.

पहिली किल्ली, आपण रोज वापरतो ते इंग्रजी शब्द. हिस्टरी, हीरो, हार्मनी, हायड्रोजन, हे सगळे मुळात दासियाचे. ॲटम, ॲनाटमी, इकॉनॉमी हे प्सिलीचे. लॅटिनने ‘ह’ जपला, तो इंग्रजीपर्यंत आला.

दुसरी किल्ली संस्कृतची, आणि ही मला फार प्रिय आहे. ज्या ठिकाणी संस्कृतमध्ये शब्दारंभी ‘स’ आहे, तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा दासिया सापडते. सप्त म्हणजे ‘हेप्ता’, सर्पति म्हणजे ‘हेर्पेइ’ (सरपटतो), स्वप्न म्हणजे ‘हिप्नोस’ (झोप), षष् म्हणजे ‘हेक्स’, ‘सः’ म्हणजे ‘हो’. सूर्य आणि ‘हेलिओस’ हेही एकाच मुळाचे. काही ठिकाणी दासिया जुन्या ‘य’ची जागा घेते: यकृत् म्हणजे ‘हेपार’. किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. पाण्याच्या ‘हिदोर’मध्ये दासिया आहे ती केवळ उप्सिलॉनच्या नियमाने, संस्कृत ‘उदक’मध्ये कुठेच ‘स’ नाही. तरी निम्मी पाठांतराची मेहनत या एका नात्याने वाचते.

आकडा चुकला तर अर्थ बदलतो. ‘ओरोस’ प्सिलीने म्हणजे डोंगर, ‘होरोस’ दासियाने म्हणजे सीमा. ‘एन’ म्हणजे ‘च्या आत’, ‘हेन’ म्हणजे ‘एक’. ‘एक्स’ म्हणजे ‘मधून’, ‘हेक्स’ म्हणजे सहा.

हा ‘ह’ ग्रीक भाषेच्या उच्चारातून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतच गेला. आज ग्रीक माणूस आपल्या देशाला ‘एला′दा’ म्हणतो, ‘ह’ न लावता. टपाल तिकिटावर रोमन लिपीत मात्र ‘हेलास’ छापलेलं असतं. पण हा गेलेला ‘ह’ शब्दांच्या पोटात अजून आहे. संस्कृतमध्ये तत् आणि हित जोडले की ‘तद्धित’ होतं, ‘ह’ आधीच्या व्यंजनात शिरतो. ग्रीकमध्येही तेच. ‘मेता’ आणि ‘होदोस’ (वाट) मिळून ‘मेथोदोस’, आपली मेथड. ‘एपि’ आणि ‘हेमेरा’ (दिवस) यांच्या जोडीत ‘प’चा ‘फ’ झाला, आणि वर्तमानपत्राला आजचा ग्रीक माणूस ‘एफिमेरि′दा’ म्हणतो. दासिया लिहिणं बंद झालं, तिचा उच्चार त्याच्याही कितीतरी आधी गेला, पण त्या ‘फ’मध्ये ती रोज सकाळी अथेन्सच्या दारात पडते.

चढता, उतरता, वळलेला

जुन्या पद्धतीत जोराच्या खुणा तीन. ‘ओक्सिया’ म्हणजे तीक्ष्ण: वर चढणारी रेघ, दिसायला तोनोससारखीच. ‘वारिया’ म्हणजे जड: खाली उतरणारी रेघ. ‘पेरिस्पोमेनी’ म्हणजे वळवलेली: नागमोडी रेघ किंवा छोटी कमान, छापखान्याच्या टाइपाप्रमाणे.

त्या तीन कशाला, हे कळायला एक गोष्ट आधी पटली पाहिजे. प्राचीन ग्रीकमध्ये जोर नव्हता, सूर होता. शब्दातला एक स्वर उंच सुरात म्हटला जाई. इ.स.पू. पहिल्या शतकातला हॅलिकार्नॅससचा डायोनिसिअस सांगतो की बोलण्यातला हा चढ-उतार साधारण एका पंचमाएवढा असतो, म्हणजे आपल्या भाषेत सा ते प. ज्यांनी घरी किंवा देवळात वेदपठण ऐकलं आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पाणिनीची सूत्रं आहेत: ‘उच्चैरुदात्तः’, ‘नीचैरनुदात्तः’, ‘समाहारः स्वरितः’. ग्रीकांनीही उंच, खालचा आणि दोन्ही एकत्र अशीच वाटणी केली. दोन्ही व्यवस्था हुबेहूब सारख्या नाहीत, आणि लिहिण्याची रीत तर उलटी आहे: ऋग्वेदाच्या छापील प्रतीत उदात्त कोरा असतो आणि बाकीच्यांना रेघा असतात, ग्रीकमध्ये उंच स्वरालाच खूण मिळते.

पण सूर मात्र पुष्कळ ठिकाणी एकाच अक्षरावर पडतो. वेदातला ‘पिता’ शेवटी उदात्त, ग्रीक ‘पाते′र’ही. हाक मारताना वेदात ‘पितर्’चा उदात्त पहिल्या अक्षरावर येतो, ग्रीकमध्येही ‘पा′तेर’. सप्त आणि ‘हेप्ता′’ दोन्ही अंत्योदात्त. युगम् आणि ‘झिगो′न’ (जू) तसेच. ‘पादम्’ला पहिल्यावर, ‘पदः’ला शेवटी, ग्रीक ‘पो′दा’ आणि ‘पोदो′स’. हजारो वर्षं वेगळे राहिलेले दोन समाज एकच शब्द एकाच जागी उंच करतात, हे मी पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा रात्रभर एकेक शब्द काढून बसले होते.

आता मात्रा मोजा. वृत्तात मोजतो तशाच: ऱ्हस्व एक, दीर्घ दोन. एप्सिलॉन आणि ओमिक्रॉन नेहमी ऱ्हस्व, ईटा आणि ओमेगा नेहमी दीर्घ, आल्फा, योटा, उप्सिलॉन दोन्ही. पेरिस्पोमेनी म्हणजे दीर्घ स्वराची पहिली मात्रा उंच आणि दुसरीवर सूर खाली. दोन मात्रा लागतात, म्हणून ती ऱ्हस्वावर कधीच येत नाही. दीर्घावर ओक्सिया असेल तर उंची दुसऱ्या मात्रेवर.

लिहिताना लागणारे नियम इतके. ओक्सिया शेवटच्या तिन्हींपैकी कशावरही येऊ शकते, पेरिस्पोमेनी शेवटच्या दोनांवर, वारिया फक्त शेवटच्यावर. शेवटचा स्वर दीर्घ असेल तर खूण शेवटून तिसऱ्यावर राहू शकत नाही, ती पुढे सरकते. ‘आ′न्थ्रोपोस’ (माणूस), पण ‘माणसाचा’ म्हणताना ‘आन्थ्रो′पू’. आजही ग्रीक माणूस असंच म्हणतो, जरी शेवटचा तो दीर्घ स्वर कधीचाच दीर्घ राहिलेला नाही. शेवटून दुसरा स्वर दीर्घ, त्यावरच सूर आणि शेवटचा ऱ्हस्व असेल, तर तिथे पेरिस्पोमेनीच हवी: ‘दोरोन’ (भेटवस्तू), ‘नेसोस’ (बेट). शब्दाच्या शेवटी ओक्सिया असेल आणि पुढे विरामचिन्हाशिवाय दुसरा शब्द आला, तर तिची वारिया होते, प्रश्नार्थक ‘तिस’ (कोण?) तेवढा बदलत नाही. क्रियापदांत सूर शक्य तितका मागे पळतो, नामांत तो आपल्या मूळ जागी शक्य तितका टिकतो. ‘हो’, ‘एन’, ‘एइस’, ‘ऊ’ असे काही छोटे शब्द सूरच घेत नाहीत, त्यांच्यावर खूण शोधत बसू नका. दीर्घ आल्फा, ईटा आणि ओमेगाच्या पायाशी कधी एक इवलासा योटा लटकलेला दिसतो. तो पूर्वी उच्चारला जाई, आता लिहायचा आणि वाचताना सोडायचा.

मोठ्याने वाचताना काय करायचं? सूर जमत नसेल तर खूण कुठलीही असो, त्या जागी जोर द्या. बहुतेक वर्गांत हेच करतात. लिहिताना मात्र तिन्ही वेगळ्या ठेवा.

सूर चुकला तर काय होई, याचा पुरावा आहे. इ.स.पू. ४०८ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर युरिपिडीसच्या ‘ओरेस्तेस’ नाटकात हेगेलोखोस नावाचा नट ‘लाटांनंतर पुन्हा शांतता दिसते आहे’ असं म्हणणार होता. ‘गालेन’ या शब्दाच्या ‘ले’वर ओक्सियाचा चढता सूर हवा होता, त्याच्या तोंडून पेरिस्पोमेनीचा उतरता निघाला. उतरत्या सुरातल्या ‘गालेन’चा अर्थ वीझल, मुंगसासारखा दिसणारा एक छोटा प्राणी. ‘लाटांनंतर पुन्हा वीझल दिसतो आहे.’ तीन वर्षांनंतरच्या एका विनोदी नाटकातही अथेन्सकर या चुकीवरून त्याला चिडवत होते.

खुणा आल्या कधी, गेल्या कधी

त्या नटाच्या संहितेत एकही खूण नव्हती. ज्यांची ती मातृभाषा होती त्यांना गरज नव्हती. परंपरा या खुणांचं श्रेय इ.स.पू. २०० च्या सुमाराला अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनिसला देते (नाटककार ॲरिस्टोफेनिस वेगळा). ग्रीक तेव्हा परक्यांची भाषा होऊ लागली होती आणि होमर जुना झाला होता. म्हणजे या खुणा जन्मल्याच मुळी आपल्यासारख्या शिकणाऱ्यांसाठी. सर्व शब्दांवर त्या नियमाने लावण्याची रीत मात्र इ.स. नवव्या शतकापासूनच्या छोट्या अक्षरांच्या हस्तलिखितांत रुळली. तोवर सुराची जागा जोराने घेतली होती आणि ‘ह’ गेला होता.

पुढची हजारेक वर्षं ग्रीक मुलं न ऐकू येणाऱ्या खुणा पाठ करत राहिली. १९८२ साली ग्रीस सरकारने शाळा आणि कारभारासाठी एकखुणी पद्धत लागू केली. आपल्याकडे १९६२ च्या लेखननियमांनी जे केलं, त्याच्याशी हे अगदी जुळतं. त्याआधी आपण ‘नांव’ लिहीत होतो. तो अनुस्वार ‘नाम’मधल्या ‘म’ची आठवण होता आणि पाण्यावरच्या ‘नाव’पासून त्याला वेगळा करत होता. उच्चारात तो नव्हता म्हणून लेखनातूनही काढला. शाळेतल्या मुलांच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. पण जुनं पुस्तक उघडणाऱ्याला ‘नांव’ वाचता आलं पाहिजे, तशी दासियाही.

टंकलेखन

संगणकावर ग्रीक कळफलक जोडा. एलच्या उजवीकडची कळ म्हणजे तोनोस. ती दाबल्यावर पडद्यावर काहीच दिसत नाही. मग स्वर दाबायचा आणि तो रेघेसकट उमटतो. शिफ्टसह तीच कळ दाबून योटा किंवा उप्सिलॉन दाबला की दोन टिंबं येतात. आपल्याकडे अक्षर आधी आणि मात्रा नंतर, इथे उलट, म्हणून पहिले दोन दिवस बोटं चुकतील. फोनच्या बऱ्याच कळफलकांवर स्वर दाबून धरला की खुणांचे पर्याय वर येतात. आकड्यांसाठी ग्रीक पोलितोनिक नावाचा वेगळा कळफलक लागतो. मोठ्या अक्षराआधी अवतरणचिन्ह टाकून तोनोस किंवा दासियाचं काम भागवू नका. दिसायला जमतं, पण शोध घेताना तो शब्द सापडत नाही.

शोधाचा आणखी एक त्रास सांगून ठेवते, कारण त्यात माझी एक पूर्ण दुपार गेली होती. युनिकोडमध्ये नव्या पद्धतीचा तोनोस असलेला आल्फा आणि जुन्या पद्धतीची ओक्सिया असलेला आल्फा यांना दोन वेगळे क्रमांक आहेत. युनिकोडने दोघांना समान ठरवलं असलं तरी प्रत्येक सॉफ्टवेअर ते पाळत नाही. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एकसंध टाइप केला की ‘र’खाली नुक्ता देऊन, यावर आपल्याकडेही शोध फसतो, तोच हा प्रकार. जुन्या पुस्तकाचा मजकूर उतरवून घेतलात आणि डोळ्यांना दिसणारा शब्द शोधात सापडेना, तर तो शब्द स्वतःच्या कळफलकावर नव्याने टाइप करून दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

आजच्या सरावाला सहा शब्द पुरेत: कालिमे′रा, एफ्खारिस्तो′, ओ′नोमा, त्सा′इ, मा′इओस, पाइदा′क्या. प्रत्येक शब्द ग्रीक छोट्या अक्षरांत खुणेसह लिहा, मग सगळा मोठ्या अक्षरांत लिहा, आणि शेवटच्या दोघांच्या मोठ्या अक्षरांतल्या रूपांत योटावर टिंबं आहेत ना ते बघा.